आधी ताळेबंद, मग पेरणी: हिवरे बाजारने स्वतःला आवर कसा घातला

विहिरीला पाणी आहे, जमीन स्वतःच्या नावावर आहे, आणि जिल्हा असा की सहकारी साखर कारखानदारीचा पाया ज्या प्रवरानगरला घातला गेला ते त्याच जिल्ह्यात. तरीही ऊस लावायचा नाही. केळीही नाही. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही. उद्या पैशाची नड आली तरी जमीन गावाबाहेरच्या माणसाला विकायची नाही. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे शेतकरी ही बंधनं वर्षानुवर्षं पाळत आले आहेत.

या गावाबद्दल मराठीत एवढं लिहून आलंय की नाव काढलं तरी वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ठरलेली चित्रं येतात: हिरवा डोंगर, स्वच्छ रस्ते, सरपंचांचे सत्कार. बहुतेक लेखांत चर किती खोदले, बांध किती घातले, झाडं किती लावली याचे आकडे असतात. ते मीही देणार आहे. पण चर खोदलेली गावं महाराष्ट्रात कमी नाहीत. आलेलं पाणी आपसांत मोजून वापरणारी गावं मात्र विरळाच. म्हणून हे प्रकरण मी पाणी आणण्याच्या बाजूने न मांडता आवर घालण्याच्या बाजूने मांडतो आहे. सुमारे साडेबाराशे माणसांनी स्वतःच्या हक्काच्या गोष्टी सोडायला होकार का दिला, आणि तो होकार टिकला कसा, हा माझा प्रश्न आहे.

१९८९ च्या आधी

गाव सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, नगर शहरापासून साधारण सतरा किलोमीटरवर. पाऊस वर्षाला सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. गावाचं क्षेत्र ९७६ हेक्टर, तीन बाजूंनी डोंगर. डोंगरावर झाडोरा होता तोवर हा पाऊस पुरत होता. १९७२ च्या दुष्काळाने आणि त्याच्या आगेमागे झालेल्या तोडीने डोंगर बोडके झाले. मग पाऊस पडला की पाणी उतारावरून सुसाट निघायचं आणि जाताना शिवारातली माती घेऊन जायचं. १९८९-९० च्या सुमारास लागवडीयोग्य जमिनीपैकी जेमतेम १२ टक्के जमीन कसली जात होती. जनावरांना चारा नाही, हाताला काम नाही. माणसं पुण्या-मुंबईला मजुरीला जायची. मागे राहिलेल्या गावात दारूच्या भट्ट्या चालायच्या, एकूण २२. भांडणं, मारामाऱ्या, पोलीस हे ओघाने आलंच. बदली होऊन इथे येणाऱ्या सरकारी माणसाला ती शिक्षा वाटायची.

या परिस्थितीला नुसतं 'दुष्काळ' म्हणून चालणार नाही. चारशे मिलिमीटर पाऊस आधीही होता आणि नंतरही तेवढाच राहिला. मधल्या काळात तुटली ती एक साखळी: झाड, माती, पाणी, चारा, जनावर, दूध, हातात चार पैसे. आणि ती तुटल्यावर प्रत्येक कुटुंब आपापल्यापुरतं जे करत होतं ते त्याच्या जागी शहाणपणाचंच होतं. चूल पेटवायला लाकूड हवं, तर तोडा. शेळ्या जगवायच्या, तर डोंगरावर सोडा. धंदा नाही, तर भट्टी लावा. एकेकाचा हिशेब बरोबर, आणि सगळ्यांची बेरीज उजाड डोंगर.

शाळा आधी का

१९८९ साली पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले. शिकलेला, पदव्युत्तर शिक्षण घेतलेला तरुण, क्रिकेटचं वेड असलेला. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली, राज्याच्या आदर्श गाव समितीचं कार्याध्यक्षपद आलं. पण तो सगळा नंतरचा भाग. सुरुवातीला त्यांच्या हातात काय होतं ते पाहू. पंचायत राजला घटनात्मक दर्जा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती अजून व्हायची होती; ती १९९३ साली लागू झाली. ग्रामपंचायतीची तिजोरी रिकामी. 'ऊस लावू नका' असं कुणाला बजावण्याचा कायदेशीर अधिकार सरपंचाला तेव्हा नव्हता.

कामाची सुरुवात झाली शाळेपासून. शाळा चौथीपर्यंत होती, तीही मोडकळीला आलेली. गावकऱ्यांनी शाळेसाठी जागा मोकळी करून दिली, श्रमदान केलं, पुढचे वर्ग आले.

पाण्यासाठी तहानलेल्या गावात पहिलं काम शाळेचं, हे विचित्र वाटेल. मला त्यात या साऱ्या प्रकरणाची किल्ली दिसते. शाळा दुरुस्त झाली म्हणून कुणाचं नुकसान होत नाही. पोर प्रत्येकाच्या घरात असतं. काम डोळ्यांसमोर काही महिन्यांत उभं राहतं. आणि ज्या गावात गेल्या कित्येक वर्षांत एकही गोष्ट सगळ्यांनी मिळून तडीस नेलेली नाही, तिथे 'आपण एकत्र येऊन काहीतरी पुरं केलं' हा अनुभवच मुळात नवा असतो. तो नसताना कुणी उठून 'उद्यापासून शेळ्या डोंगरावर सोडायच्या नाहीत' म्हणाला असता, तर लोकांनी त्याला गावाबाहेरच काढला असता.

यानंतर ज्या क्रमाने बंधनं आली तो क्रम बघण्यासारखा आहे. दारूबंदीत झळ बसली ती भट्टीवाल्यांना, म्हणजे थोड्यांना. आणि बाजू मिळाली घराघरातल्या बायकांची. भट्टीवाल्यांनाही वाऱ्यावर सोडलं नाही. दुसरा धंदा उभा करायला बँकेचं कर्ज मिळवून दिलं गेलं. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीत झळ जवळजवळ सगळ्यांना, पण थोड्या काळासाठी. बोअरबंदी आणि पीकबंदीत झळ गावातल्या ऐपतदारांना, आणि तीही कायमची. म्हणजे दर वेळचं मागणं आधीच्यापेक्षा अवघड होतं, आणि दर वेळी आधीच्या मागण्याचं फळ लोकांच्या पदरात पडलेलं होतं. हे सगळं कुणी कागदावर आधी आखलं होतं असा माझा दावा नाही. बरंचसं घडत गेलं असावं. पण घडलेला क्रम हा आहे, आणि नक्कल करणारी गावं नेमका तोच उलटा लावतात: नियमांचा फलक आधी, विश्वास नंतर कधीतरी.

चराईबंदीचा पेच

१९९४ साली गाव राज्याच्या आदर्श गाव योजनेत आलं. ही योजना राळेगण सिद्धीच्या अनुभवावरून १९९२ मध्ये निघाली होती. सहभागी व्हायचं तर पाच गोष्टी मान्य करायच्या: नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी म्हणजे कुटुंबनियोजन, आणि श्रमदान. हिवरे बाजारच्या वाटचालीत पुढे लोटाबंदी (उघड्यावर शौचाला बंदी) आणि बोअरवेलबंदी यांची भर पडली आणि पंचसूत्रीची सप्तसूत्री झाली.

यातली चराईबंदी सगळ्यात अवघड. बोडक्या डोंगरावर रोप लावलं की पहिल्या पावसानंतर शेळी ते खाते. म्हणून झाडं हवीत तर चराई बंद. पण ज्याच्याकडे जमीन नाही आणि चार शेळ्या आहेत, त्याची सगळी मिळकत त्या डोंगरावर चरत असते. शेतवाल्याला चराईबंदी म्हणजे गैरसोय, बिनजमिनीवाल्याला ती पोटावर पाय. एकच नियम, भार मात्र सारखा नाही.

हा पेच दोन गोष्टींनी सैल झाला. एक, डोंगर बंद म्हणजे गवत बंद असं नव्हतं. जनावर डोंगरावर न्यायचं नाही, पण ठराविक शुल्क भरून विळ्याने गवत कापून आणायला मुभा होती. गवताची गंमत अशी की झाडासारखी त्याची दहा वर्षं वाट पाहावी लागत नाही. चरायचं थांबलं आणि चरात पाणी मुरलं की दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात कंबरेएवढं गवत दिसायला लागतं. गावच्या नोंदींवरून दिले जाणारे आकडे असे: २००० साली गवताचं उत्पन्न सुमारे १०० टन, २००४ साली सुमारे ६,००० टन. चारा आला तसं दूध आलं. नव्वदच्या दशकाच्या मध्याला गावाचं दूध दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास होतं, दहा-बारा वर्षांत ते २,२०० लिटरच्या घरात गेलं. जमीन नसलेल्यालाही कापून आणलेल्या चाऱ्यावर गाय ठेवता येते. शेळ्यांच्या जागी गोठा आला.

दुसरी गोष्ट म्हणजे रोजगार हमीची मजुरी. चर, बांध, रोपं ही सगळी कामं रोजगार हमी योजनेतून घेतली गेली. म्हणजे डोंगर बंद झाला त्याच सुमारास त्याच डोंगरावर काम निघालं. श्रमदानाचं कौतुक करताना लोक हे सोयीस्कर विसरतात. नुसत्या श्रमदानावर डोंगर बांधून होत नाही. आठवड्याचा एक दिवस श्रमदान ही शिस्त झाली, पोट भरलं ते हमीच्या कामावर. माथा ते पायथा या क्रमाने डोंगरावर समतल चर (त्यांची संख्या ४०,००० सांगितली जाते), खाली मातीचे ५२ आणि दगडी ३२ बांध, पाझर तलाव, बंधारे असं काम झालं. सुमारे हजार हेक्टरच्या कामाला ४२ लाख रुपयांच्या आसपास खर्च आला. हेक्टरी चार हजार हिशेब धरा. सरकारी रस्त्याच्या एखाद्या किलोमीटरच्या खर्चाशी ताडून पाहिलं तर ही रक्कम किती किरकोळ आहे ते कळतं.

पाणी आल्यावर खरी कसोटी

इथवरची गोष्ट बऱ्याच गावांची आहे. पाणलोटाचं काम झालं, विहिरींना पाणी चढलं, टाळ्या वाजल्या. आणि मग? मग ज्याच्या विहिरीला पाणी चढलं त्याने मोटार मोठी बसवली, शेजाऱ्याने बोअर मारलं, तिसऱ्याने उसाची लागण केली. पाच वर्षांनी गाव टँकरच्या यादीत परत. राज्याच्या जलयुक्त शिवार अभियानावर कॅगने (महालेखापरीक्षकांनी) २०२० साली ठपका ठेवला तो याच दुखण्यावर बोट ठेवणारा आहे. सुमारे ९,६०० कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळीवर फारसा परिणाम झाला नाही, आणि उपशावर व नगदी पिकांवर लगाम नव्हता.

कारण समजून घ्यायचं तर जमिनीखाली बघावं लागतं. नगर जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर बसला आहे. हा खडक स्पंजासारखा पाणी धरत नाही. वरचा कुजलेला मुरमाचा थर आणि खडकातल्या भेगा, एवढ्यातच काय ते पाणी. पडणाऱ्या पावसातलं दहा टक्क्यांच्या आसपासच आपसूक खाली मुरतं. उघडी विहीर त्या वरच्या थरातलं पाणी घेते. ते दरवर्षी भरतं, दरवर्षी उपसलं जातं. बोअर शेकडो फूट खाली जाऊन भेगांतलं जुनं पाणी ओढतं, आणि ओढताना वरच्या विहिरीही कोरड्या करतं. सामाईक रांजणाला ज्याने त्याने आपल्या मापाची तोटी बसवावी, तसा प्रकार. ज्याची तोटी सर्वांत खाली, शेवटचं पाणी त्याचं.

कायदा याच्या आड येत नव्हता, उलट पाठीशी होता. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून रूढ झालेली समजूत हीच की ज्याची जमीन त्याच्या खालचं पाणी त्याचं. राज्याचा भूजल कायदा आला तो २००९ चा, अमलात यायला २०१४ उजाडलं. हिवरे बाजारने बोअरबंदी केली तेव्हा आधाराला होता तो ग्रामसभेचा ठराव, बस. पिण्याच्या पाण्यासाठी बोअर चालेल, शेतीसाठी नाही. उघड्या विहिरी हव्या तेवढ्या खोदा. यातली मेख लक्षात घ्या: उघड्या विहिरीचं पाणी डोळ्यांना दिसतं. कुणाचं किती उतरलं ते येताजाता कळतं. बोअरमधलं कुणालाच दिसत नाही, मालकालाही नाही.

गावाचा ताळेबंद

२००२ सालापासून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या मदतीने गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं. गावात पर्जन्यमापक आहेत, काही विहिरी निरीक्षणासाठी ठरवलेल्या आहेत. पावसाळा सरला की पाऊस किती पडला, विहिरींत किती चढलं, यावरून गावाकडे किती पाणी आहे ते काढायचं. माणसं आणि जनावरं यांचं पिण्याचं आणि घरच्या वापराचं पाणी सर्वांत आधी बाजूला. उरलेल्यातलं ७० टक्के शेतीला. ३० टक्के जमिनीतच राहू द्यायचं, पुढच्या सालासाठी. हा हिशेब ग्रामसभेत वाचला जातो आणि मग रब्बीला काय पेरायचं ते ठरतं. पाऊस बरा, तर कांदा-गव्हाला मुभा. ओढ बसली, तर ज्वारी-हरभऱ्यावर भागवायचं.

या हिशेबाची ताकद कळायला आपणच तो ढोबळपणे करून पाहू. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. ९७६ हेक्टरवर ४०० मिलिमीटर म्हणजे सुमारे ३९० कोटी लिटर. ऐकायला प्रचंड. त्यातलं दहा टक्के आपसूक मुरलं असं धरलं तर ३९ कोटी. आता गावाची गरज: साडेबाराशे माणसं, माणशी दिवसाला शंभर लिटर धरा, वर्षाचे साडेचार कोटी लिटर. म्हणजे पिण्या-वापराच्या पाण्याची मारामार मुळात पाणी कमी आहे म्हणून होत नाही.

आता ऊस. हेक्टरी साधारण २,००० मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे दोन कोटी लिटर. पावसाने थेट दिलेलं वजा केलं तरी दीड कोटीहून जास्त विहिरीतून काढावं लागतं. तीन हेक्टर ऊस म्हणजे अख्ख्या गावाचं वर्षाचं घरगुती पाणी. पंचवीस हेक्टर ऊस म्हणजे जमिनीत आपसूक मुरलेलं सगळंच्या सगळं. गावच्या क्षेत्राचा हा जेमतेम चाळिसावा हिस्सा! पाचसात सधन शेतकऱ्यांनी मनावर घेतलं तर एका हंगामात गाव कोरडं. चर-बांधांनी मुरण्याचं प्रमाण वाढवलं तरी हे गणित थोडं पुढे ढकललं जातं, मोडत नाही.

हे माझे ढोबळ आकडे, गावाचा ताळेबंद याहून बारकाईने होतो. पण मुद्दा पोचतो. 'ऊस लावू नका, पाण्याची नासाडी होते' हे झालं कीर्तन. 'तुझा तीन हेक्टर ऊस म्हणजे आपल्या सगळ्यांचं वर्षाचं पाणी' हा झाला हिशेब. कीर्तनाला माणूस मान डोलावतो आणि घरी जाऊन ऊस लावतो. हिशेबापुढे, तोही चारचौघांत वाचलेल्या, वाद घालायला आकडाच आणावा लागतो.

आणखी एक बारीक गोष्ट. सक्तीचं बंधन कायमसाठी असलं की ते काचतं. इथे ऊस-केळी-बोअर सोडले तर बाकीचं बंधन दरसालचं आहे. यंदा गहू कमी, पुढच्या साली पाऊस आला तर जास्त. नाही म्हणणारा सरपंच नाही की ग्रामसभा नाही, पाऊस आहे. पर्जन्यमापकावर कुणाला राग धरता येत नाही. गावातल्या राजकारणात राग कुणावर धरायचा हा प्रश्न किती मोठा असतो ते ज्याने एकदा तरी ग्रामसभा पाहिली आहे त्याला सांगायला नको.

परिणामांचे आकडे ठिकठिकाणी छापून आलेत, मी थोडक्यात देतो. बागायत १९९९ च्या १२० हेक्टरवरून २००६ पर्यंत २६० हेक्टरवर गेली. १९९५ मध्ये १६८ कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती, २०१० मध्ये तीन. बाहेर गेलेली कित्येक कुटुंबं परत आली. डोंगरावर जंगल उभं राहिलं.

जे खटकतं

एवढं झाल्यावर आरती ओवाळून थांबणं सोपं आहे. पण प्रकरण म्हणून मांडायचं तर खटकणाऱ्या जागाही मांडायला हव्यात.

पहिली जागा नसबंदीची. कुटुंब किती मोठं असावं हे गावाने ठरवलेल्या सूत्रांत यावं का? झाडं, चराई, बोअर यांचा परिणाम शेजाऱ्यावर होतो, म्हणून शेजाऱ्याचा शब्द चालतो. शरीराची गोष्ट त्या माळेत ओवली की संमती आणि दडपण यांच्यातली रेघ पुसट होते, आणि असल्या गोष्टींचा भार शेवटी बाईवर पडतो हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. योजनेने ती अट घातली होती, गावाने स्वीकारली. मला ती त्या सूत्रातली सर्वांत कच्ची कडी वाटते.

दुसरी जागा पाणी कुणाचं ही. हिवरे बाजारने पाणी किती उपसायचं आणि कशावर वापरायचं हे ठरवलं, पण पाण्याचा हक्क जमिनीशीच बांधलेला राहिला. ज्याची जमीन विहिरीच्या पट्ट्यात, बागायत त्याची. याच महाराष्ट्रात, १९७२ च्याच दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीतून याच्या पुढचं पाऊल टाकून दाखवलं होतं. पाणी जमिनीच्या नव्हे, घरातल्या माणसांच्या मापाने: माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि ऊस तिथेही नाहीच. न्यायाच्या बाजूने पाहिलं तर साळुंखे यांची मांडणी सरस. टिकण्याच्या बाजूने पाहिलं तर हिवरे बाजार. दोन्ही गोष्टी एका गावात का जमल्या नाहीत, याचं एक उत्तर बहुधा असं की हिवरे बाजारने कुणाच्या हक्काला हात घातला नाही, फक्त वापराला घातला. म्हणून ऐपतदार बरोबर राहिले. भूमिहीनांना गवत, दूध, मजुरी या वाटेने फायदा पोचला. पाण्याच्या वाटेने नाही.

तिसरी जागा एका माणसाची. पोपटरावांशिवाय हे झालं असतं का? प्रामाणिक उत्तर: कदाचित नाही. पण यातला जास्त उपयोगी प्रश्न वेगळा आहे: त्यांच्याशिवाय हे चालू राहील का? तीन दशकं गावात निवडणूकच झाली नाही, सगळं बिनविरोध. बिनविरोध हा शब्द आपल्याकडे फार कौतुकाने उच्चारला जातो. मला तो थोडा धास्तीचाही वाटतो, कारण विरोध खरोखर नाही की बोलून दाखवला जात नाही हे त्यातून कळत नाही. २०२१ च्या जानेवारीत गावात मतदान झालं, आणि पोपटरावांच्या बाजूने सातही जागा जिंकल्या. बातम्यांचा सूर 'आदर्श गावात फूट पडली' असा होता. मला उलट वाटलं. सगळ्या बंधनांवर तीस वर्षांनी का होईना, पहिल्यांदा गुप्त मतदानाने शिक्का बसला. हात वर करून दिलेल्या होकारापेक्षा पडद्याआड दिलेल्या होकाराला वजन जास्त.

चौथी, जमीनविक्रीच्या बंदीची. शहर सतरा किलोमीटरवर आहे. गावाचं नाव झालं, हिरवाई आली, की जमिनीवर बाहेरच्यांचा डोळा येणारच. गावाने कमावलेली पतच गावाच्या नियमावर दाब टाकते. विहिरीतलं पाणी मोजता येतं, पण नड असलेल्या कुटुंबाला पटीत भाव सांगणाऱ्याला कोणत्या ताळेबंदाने उत्तर द्यायचं? गावातल्या गावात जमीन घेणारा उभा करणं हाच एक उपाय, आणि त्याला गावात पैसा लागतो. इथे पुन्हा दुधावर आणि कांद्यावर येऊन ठेपतं.

दुसऱ्या गावात नेताना

हे गाव बघायला लोक बसगाड्या भरून येतात, सप्तसूत्रीचा फोटो काढतात आणि आपल्या गावच्या भिंतीवर सूत्रं रंगवतात. सूत्रं रंगवायला एक दिवस पुरतो. मला विचारलं तर पहिल्या वर्षी एकही बंदी घालू नये.

पहिल्या वर्षी एक पर्जन्यमापक बसवावा. शाळेतल्या सातवी-आठवीच्या मुलांकडे तो द्यावा, रोज सकाळी त्याच वेळेला वाचायला. गावात वेगवेगळ्या उंचीवरच्या चार-पाच विहिरी निवडून दर पंधरवड्याला दोरी सोडून पाणी किती खाली आहे ते मोजावं. त्या विहिरी एकाच भावकीच्या नसाव्यात, एवढी काळजी घ्यावी. तलाठ्याकडून पीकपेऱ्याची यादी घ्यावी. गावचं क्षेत्र हेक्टरात, पाऊस मिलिमीटरात, गुणिले दहा हजार, मग पिकागणिक लागणारं पाणी, मग पिण्याचं. हे सगळं चावडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावं आणि खाली कुणाचंही नाव घालू नये. नाव घातलं की पाण्याची चर्चा संपते आणि माणसाची सुरू होते.

भिंतीवरच्या आकड्यांवर पारावर वाद होतील. कुणी म्हणेल माप चुकलंय, माझ्या विहिरीला एवढं नाही. त्याला दोरी द्यावी आणि पुढच्या पंधरवड्याला त्यालाच मोजायला लावावं.